ऐनवेळचा विषय

अहिराणीच्या मंडळांना, परिषदांना आणि संमेलनं भरवणाऱ्यांना खुलं पत्र

राम राम मंडई,

हे पत्र मराठीत लिहिते आहे याचा राग धरू नका. अहिराणीत लिहिलं असतं तर निम्म्या लोकांनी ते गमतीचं समजून, दोन हसऱ्या चेहऱ्यांसह पुढे पाठवून दिलं असतं. अहिराणी दिसली की हसायचं, ही सवय आपणच लोकांना लावली आहे.

निमित्त काय झालं ते आधी सांगते. गेल्या महिन्यात आमच्या मंडळाची संमेलनाच्या तयारीची बैठक झाली. मंडळाचं नाव घेत नाही. खान्देशातल्या कुठल्याही मंडळाचं नाव घातलंत तरी चालेल. विषयपत्रिकेवर अकरा विषय होते. मी पंधरा दिवस आधी लेखी विषय दिला होता: येती जनगणना आणि तिच्यातला मातृभाषेचा रकाना. छापलेल्या पत्रिकेत तो सापडेना. सचिवांना विचारलं तर म्हणाले, "ताई, तो अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत घेतला आहे." बरं म्हटलं. मग ग्रंथदिंडी कुठल्या चौकातून काढायची, पुढे घोडा असावा की बैलजोडी, उद्घाटनाला कुठले मंत्री मिळतील, ते नाही आले तर दुसरे कोण, यावर चर्चा झाली. फेटे गुलाबी की भगवे, या प्रश्नाला चाळीस मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगते आहे. तेवढ्यात मागच्या खोलीतून शेवभाजीचा वास सुटला आणि माणसं चुळबुळ करायला लागली. अध्यक्ष उठता उठता मला म्हणाले, "ताई, इषय चांगला शे, पन आते टाईम नही. पुढली मिटिंगमा लेवूत."

शेवभाजी झणझणीत होती. मी जेवून घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले.

जनगणनेचंच मला एवढं का लागून राहिलं आहे, ते सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं आणि २००१ आणि २०११ अशा दोन्ही वेळी प्रगणक म्हणून घरोघर फिरले. मातृभाषेचा रकाना कसा भरायचा हे प्रशिक्षणात नीट सांगितलं होतं. माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती त्याची मातृभाषा. तो जी सांगेल तीच लिहायची, आपण वाद घालायचा नाही. व्याख्या माझ्या वहीत लिहिलेली होती, मला पाठही होती.

फेब्रुवारी २०११. एका अंगणात म्हातारी सुपात दादर ज्वारी पाखडत बसली होती. माझ्या प्रत्येक प्रश्नाला ती अहिराणीत उत्तर देत होती. घरात माणसं किती, धाकल्याचं लग्न कधी झालं, सून कुठली, सगळं. मातृभाषेच्या रकान्याशी आले आणि मी विचारलंच नाही. वरच्या घरी 'मराठी' लिहिलं होतं, तेच खाली ओढलं. लिहिताना मी थांबलेली पाहून तिने विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी वं बाई?" मी म्हटलं, "मराठी, माय." ती म्हणाली, "लिख, लिख. सरकारले समजाले जोयजे."

मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या गटात सव्वाशेच्या आसपास घरं होती. त्यांतल्या शंभरएक घरांत चूल, गोठा, भांडण, अंगाई सगळं अहिराणीत चालायचं. सव्वाशेच्या सव्वाशे घरांवर मी मराठी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. अहिराणी ही काय लिहायची गोष्ट आहे, असं मला आतून वाटत होतं. पोटापाण्यासाठी मराठी शिकवणारी आणि घरी सासूशी अहिराणीत बोलणारी बाई होते मी. माझ्याकडूनच असं झालं, तर कुठल्या परगावच्या गुरुजींना काय बोलणार?

पुढे आकडे आले. २००१ च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली, ज्यात अहिराणी मोडते, साडेवीस लाखांहून जास्त माणसं नोंदली होती. २०११ मध्ये ती साडेअठरा लाखांच्या आसपास आली. त्याच दहा वर्षांत जळगाव जिल्हा बेचाळीस लाखांवर गेला, धुळे वीस लाखांच्या पुढे गेला, नंदुरबारही वाढला. माणसं वाढली आणि भाषा घटली. यातला किती भाग खरोखर बोलणं सुटल्यामुळे आणि किती माझ्यासारख्यांच्या पेनामुळे, हे सांगणं अवघड आहे. पण तो आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते सूप आलं.

आता तुमच्याकडे वळते.

आपल्या प्रत्येक संमेलनात शेवटच्या दिवशी ठराव होतो की अहिराणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत घ्या. टाळ्या होतात, ठराव कुठल्याशा टपालात पडतो, पुढच्या वर्षी तारीख बदलून तोच ठराव. आपण मागतो आणि मिळत नाही, याचा आपल्याला रागही येत नाही. मग ज्यांना मिळालं त्यांनी काय केलं, हे कधी तरी बसून वाचायला नको का? मी निवृत्तीनंतर हाच उद्योग केला. मला जे दिसलं ते असं की, भाषेला मान्यता बहुधा एखाद्या राजकीय उलथापालथीत मिळते. नवं राज्य होतं, करार होतो, सरकार पडतं, एखादा निर्णय अंगाशी येतो. ती वेळ भाषावाले आणत नाहीत. पण ती आली तेव्हा त्यांच्या हातात कागद तयार होते.

माझे वडील कोरडवाहू शेतकरी. ते वाफशासाठी जीव टाकायचे. पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत पाय घातला तर चिखल चिकटतो, चार दिवस उशीर केला तर ढेकळं होतात. मधले दोन-तीन दिवस पाभर घालायचे. त्या दिवसांत बियाणं आणायला तालुक्याला जाणारा माणूस त्यांना बघवत नसे. राजकारणातही असा वाफसा येतो.

आसामातल्या बोडोंचं बघा. त्यांची बोडो साहित्य सभा १९५२ सालची. संमेलनं त्यांनीही भरवली, पण १९६३ मध्ये प्राथमिक शाळेत बोडो माध्यम सुरू करून घेतलं. लिपीवरून मोठा लढा झाला आणि १९७५ मध्ये देवनागरी ठरली. त्या सगळ्या काळात रक्त सांडलं, तो रस्ता कुणी धरावा असं मी म्हणत नाही. पण २००३ च्या फेब्रुवारीत बोडोलँडचा करार झाला तेव्हा देवनागरीतल्या बोडोला आठव्या अनुसूचीत घेण्याचा विचार केला जाईल, हे कलम त्या कराराच्या मसुद्यात होतं. करार स्वायत्त प्रदेशाचा, भाषा त्यात पोटकलम म्हणून शिरली. त्याच वर्षी ब्याण्णवावी घटनादुरुस्ती झाली आणि बोडो, डोगरी, मैथिली, संताळी या चार भाषा आत आल्या. २०११ च्या जनगणनेत बोडो बोलणारे पंधरा लाखांच्या आतच आहेत. मणिपुरी बोलणारे साडेसतरा लाखांच्या आसपास. आपण त्यांच्यापेक्षा जास्त आहोत, आणि तेही माझ्या पेनाने काढून टाकलेले वगळून.

कोकणीचं लिहिताना मराठीची शिक्षिका म्हणून मला थोडं जड जातं. 'कोकणी ही मराठीची बोली' असं म्हणणाऱ्यांत आमचे पुष्कळ थोर लोक होते. वामन वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, यांनी गोव्यावर पोर्तुगीज असताना मुंबईत बसून कोकणीत लिहिलं आणि १९४६ मध्ये ते गेले. पंधरा वर्षांनी गोवा मुक्त झाला. १९६७ च्या जानेवारीत महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर कौल घेतला गेला, तेव्हा 'आमची भाषा वेगळी' म्हणायला दाखवण्याजोगं लिखाण हाताशी होतं. १९७५ ला साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, मे महिन्यात घटकराज्य झालं आणि १९९२ ला अनुसूची. वीस-पंचवीस वर्षांत एक-एक पायरी, आणि प्रत्येक पायरीखाली कुठली ना कुठली राजकीय घडामोड.

आणि वेल्स. ब्रिटनमधला हा चिमुकला मुलुख, वेल्श बोलणारे तेव्हा पाच लाखांच्या आसपास. १९७९ च्या मार्चमध्ये त्यांच्या स्वतंत्र विधानसभेच्या प्रस्तावाला तिथल्याच मतदारांनी साफ नकार दिला. मे महिन्यात थॅचरबाईंचं सरकार आलं आणि वेल्श भाषेच्या दूरचित्रवाहिनीचं निवडणुकीतलं आश्वासन त्याच वर्षी फिरवलं. आपण असतो तर निषेधाचा ठराव करून पुढच्या संमेलनाचं निमंत्रण स्वीकारलं असतं. त्यांनी सरकारची मोडलेली आश्वासनाची ओळ धरून ठेवली. लोकांनी टीव्हीची परवाना फी भरायचं नाकारलं, ग्विनफोर एव्हान्स या म्हाताऱ्या पुढाऱ्याने आमरण उपोषण जाहीर केलं, आणि ते सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबर १९८० मध्ये सरकारने माघार घेतली. १९८२ च्या नोव्हेंबरात वाहिनी सुरू झाली. वारं उलटं असतानाही त्यांनी काम साधून घेतलं, हे मला विशेष वाटतं.

नुसता कायदा झाला म्हणजे सुटलो असं नाही, हेही सांगून टाकते. छत्तीसगड २००० साली झालं, २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला, पण सरकारी कामकाज बव्हंशी हिंदीतच चालतं आणि अनुसूचीत ती अजून नाही. पाटी लागली, दुकान उघडायचं राहिलं.

आता आपल्याकडचे वाफसे मोजू.

१९५६ मध्ये राज्यं भाषेवर वाटली गेली तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क घातलं गेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असं त्यात आहे. राज्यांची वाटणी करणाऱ्यांनाच ठाऊक होतं की रेघेच्या अल्याड-पल्याड लहान भाषा अडकणार. १९६० मध्ये मुंबई राज्य फुटलं. सीमेवरच्या डांग भागावर गुजरातीने आणि मराठीने दोघींनी हक्क सांगितला. डांग गुजरातेत गेलं, पश्चिम खान्देशातली दीडशेवर गावंही गेली. डांगची डांगी जनगणनेत आपल्याच 'खान्देशी'खाली मोजतात. दोन मोठ्या बहिणी धाकटीचे दोन हात धरून ओढत होत्या आणि धाकटीला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. तेव्हा आपली मंडळं नव्हती, तो दोष तुमच्यावर नाही.

पण पुढचे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मीही पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. आपल्या मंडळांनी अभिनंदनाची पत्रकं काढली. मराठीचा मान वाढला त्या आठवड्यात तिच्या अंगाखांद्यावरच्या भाषांना शाळेत जागा द्या, हे म्हणायला त्याहून चांगली वेळ कोणती होती? मग १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला. जूनमध्ये त्यात बदल झाला, राज्यभर रान उठलं आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. लहान मुलाच्या डोक्यावर भाषा किती, कोणत्या आणि कधी, हाच त्या समितीपुढचा प्रश्न. पारोळ्याच्या पहिलीतल्या पोराला मराठी हीच घराबाहेरची दुसरी भाषा असते, म्हणजे तुम्ही ज्याला तिसरी म्हणता ती त्याला चौथी पडते, एवढं एक वाक्य समितीला लिहून द्यायला किती वेळ लागला असता? आमच्या मंडळाच्या त्या वर्षाच्या इतिवृत्तात समिती हा शब्दच नाही. मी सदस्य आहे, म्हणून तो दोष माझाही.

एक जुनी गोष्ट या ठिकाणी आठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी चित्रं ओळखायचा तास होता. एका पोराने डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं, "हाऊ डोया शे." आणि पाटीवर लिहिलंही तसंच, डो-या, अक्षर एकदम वाटोळं. मी त्यावर काट मारली. तो पाटीकडे पाहत राहिला, मग हाताने स्वतःचा डोळा चाचपला. पुढचे दोन दिवस तो वर्गात बोलला नाही. आपल्या भाषेत 'ळ'चा 'य' होतो, हा नियम आहे, चूक नाही, हे मला कळायला दहा वर्षं लागली. 'तू घरी डोया म्हण, पुस्तकात डोळा लिही, दोन्ही बरोबर' एवढं म्हणायचं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा हे शिक्षणाचं माध्यम असावं असं छापून आलं आहे. ते धोरण आवडो न आवडो, त्यातलं हे पान आपल्या कामाचं आहे. ते पान घेऊन जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात कोण गेलं?

माझी आणखी एक तक्रार आहे, ती बोलले तर काही जणांना झोंबेल. भाषेचं नाव अहिराणी की खान्देशी, यावर आपण जेवढे कागद खर्च केले तेवढ्यात पहिलीचं पुस्तक झालं असतं. खान्देशातल्याच बोली या, पण लेवा गणबोलीवाले म्हणतात बहिणाबाई आमची, तावडीवाले म्हणतात आम्हाला कुणी मोजत नाही, आणि आपण म्हणतो सगळी अहिराणीच. गोव्याच्या कायद्याने देवनागरी कोकणीच धरली आणि रोमी लिपीत लिहिणारे बाहेर राहिले. त्यांची ती सल आजही आहे. ज्याला लेवा लिहायचं त्याने लेवा लिहावं. अहिराणी लिहा की खान्देशी, जनगणना दोन्ही एकाच कप्प्यात टाकते, म्हणून त्या भांडणाने निदान आकड्यात काही बिघडत नाही. शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने आपली भाषा मराठीच्या खंडात न घालता भिलीच्या खंडात घातली होती. त्यावर अभ्यासकांना खुशाल वाद घालू दे. आणि नंदुरबारकडे पाहिलं तर पावरी, मावची, भिली बोलणाऱ्या घरांकडे आपले सत्कारमूर्ती ज्या नजरेने बघतात, ती नजर मी चांगली ओळखते. माझ्या पाटीवरच्या काट मारण्यातली आहे ती. भिली ही देशातली अनुसूचीबाहेरची सगळ्यात मोठी भाषा, एक कोटीवर बोलणारे. त्यांना सोबत न घेता आपण काय मागणार आणि कोणत्या तोंडाने?

पुढाऱ्यांचं थोडक्यात. जानेवारी २०२६ मध्ये जळगाव आणि धुळे महापालिकांच्या निवडणुका झाल्या. रिक्षावरचे भोंगे अहिराणीत, गाणी अहिराणीत, "मी तुमनाच शे" हे तर प्रत्येकाचंच. मत मागायला ही भाषा चालते याचा अर्थ तिच्यात वजन आहे. ते वजन आपण एकदाही तराजूत घातलं नाही. निवडून आल्यावर तुम्ही अहिराणीसाठी नेमकं काय करणार, हे कुठल्या मंडळाने सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एकाच कागदावर लिहून विचारलं? संमेलनाचा मंडप एका भाऊंचा, जेवण दुसऱ्या आबांचं, स्मरणिकेची जाहिरात तिसऱ्या अप्पांची. मग विचारणार कसं? मंडप लहान करा, पण विचारा. आणि एकाच पक्षाच्या दावणीला भाषा बांधू नका, सरकार बदललं की ती दावण रिकामी होते.

आता मागण्या. फार नाहीत.

संमेलन पुढे ढकललं तरी चालेल, पण जनगणनेसाठी प्रत्येक मंडळाने या महिन्यात माणसं नेमावीत. घरमोजणी देशात २०२६ च्या एप्रिलपासून ठरली आणि माणसं मोजायची ती फेब्रुवारी २०२७ मध्ये. स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय आहे, म्हणजे गावातल्या मोबाइलवाल्या पोरांना काम आलं. लोकांना एवढंच सांगायचं: आई जी बोलायची ती मातृभाषा. आजवर त्याच्या पुढे येणाऱ्या इतर भाषांच्या रकान्यात मराठी आणि हिंदी लिहिता आल्या आहेत, मराठी कुठे जात नाही. नोकरी, दाखला, आरक्षण, कशावर काही परिणाम होत नाही. ही शेवटची भीती प्रत्येक गावात विचारली जाते, म्हणून ती आधी फोडा.

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि बागलाण-मालेगाव पट्ट्यासाठी नाशिक, या चारही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी हे जनगणनेचे जिल्ह्यातले मुख्य अधिकारी असतात. त्यांना सर्व मंडळांनी मिळून एकच निवेदन द्यावं: प्रशिक्षणात प्रगणकांना सांगा, मातृभाषेचा प्रश्न मोठ्याने विचारा, वरच्या ओळीतलं खाली ओढू नका. शिक्षक संघटनांनाही भेटा. प्रगणक मुख्यतः आपलेच गुरुजी आणि बाई असतात. हवं तर मी येते आणि २०११ चं माझं सांगते. कबुली ऐकली की माणूस ऐकतो.

सुरतला फोन करा. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे आपली किती घरं आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते गुजरातेत मोजले जातात आणि तिथे त्यांना अहिराणी लिहायला सांगणारं कुणी नाही.

आठव्या अनुसूचीचा ठराव दोन वर्षं बाजूला ठेवा. त्या जागी बत्तीस पानांचं एक पुस्तक करा, पहिलीच्या पोरांसाठी, चित्रं आणि अहिराणी शब्द, शेजारी मराठी. ते छापायला जिल्हा परिषदेचा सेस फंड मागा. नाही म्हटलं तर नकार लेखी घ्या. पुढच्या निवडणुकीला तो कागद उपयोगी पडेल. आणि त्यातच डोया आणि डोळा शेजारी शेजारी छापा, एवढी माझी खासगी विनंती.

आणि पुढच्या बैठकीत माझा विषय क्रमांक एकला घ्या. फेट्यांचा रंग ऐनवेळी ठरवता येतो.

मी वाट बघत बसलेली नाही. पेन्शनमधून पाचशे पत्रकं छापून घेतली आहेत, पिवळ्या कागदावर. मजकूर तीन ओळींचा आहे. वरची ओळ अहिराणीत: "माय, तुनी माय तुनासंगे काय बोले? तेच लिखाले सांग." खालच्या दोन मराठीत, रकाना कुठला आणि भीती का नको ते. गठ्ठा सुतळीने बांधून ओट्यावरच्या कपाटात ठेवला आहे. कुणी न्यायला येणार असेल तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी या. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात आणि चार दिवसांनी आपापल्या सासरच्या गावी जातात. प्रत्येकीच्या पिशवीत पाच-पाच कागद गेले तर शंभर गावं होतात. तेवढ्या गावांना जीप करायची तर आपल्या मंडळाचं वर्षभराचं डिझेल लागेल.

कपाटाला कुलूप नाही.

तुमची,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव